गिटारचे स्वर कागदावर एक सप्तक वर का लिहितात?

१/
वसतिगृहातील एका मित्राने मध्यंतरी गिटार शिकावयास घेतली. हाताशी नवशिक्यांचे पुस्तक होते आणि शेजारच्या खोलीत एक कीबोर्ड होता. पुस्तकातील एकच स्वर आम्ही दोन्ही वाद्यांवर एकाच वेळी वाजवून पाहिला. स्वराचे नाव तेच, पण गिटारचा आवाज पूर्ण एक सप्तक खाली! प्रथम संशय तारांवर गेला, मग ट्यूनरवर, शेवटी पुस्तकावर. तिघेही निर्दोष निघाले. गिटारचे स्वर प्रत्यक्षाहून एक सप्तक वर लिहिण्याची ही प्रथा दोनशे वर्षांहून जुनी आहे. आजचा धागा तिच्या इतिहासाचा.

२/
या प्रथेत गिटार एकटी नाही. पाश्चात्त्य समूहगायनात टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुषी आवाज, याचे स्वरही बहुधा एक सप्तक वर लिहिलेले असतात. डबल बासचेही तसेच. चिमुकल्या पिकोलो बासरीचे मात्र उलट: लिहिलेल्याहून ती एक सप्तक वर वाजते. म्हणजे कागद एक सांगतो आणि कान दुसरे ऐकतो. असे का, आणि कोणाच्या सोयीसाठी? याचे उत्तर ध्वनिशास्त्रात थोडे सापडते, संगीत वाचणाऱ्या माणसांच्या इतिहासात अधिक.

३/
आधी कागदाची रचना पाहू. स्टाफ नोटेशनमध्ये पाच रेघा असतात आणि स्वर रेघांवर किंवा त्यांच्यामधल्या जागांत बसतात. वर-खाली लगतची जागा धरली तर एकूण अकरा स्वर मावतात. एका गळ्याच्या गाण्याला साधारण एवढेच पुरते. त्यापलीकडच्या स्वरांसाठी तुटक जादा रेघा माराव्या लागतात, आणि त्या तीन-चारच्या वर गेल्या की वाचणाऱ्याचा डोळा अडखळतो. या पाच रेघांची मर्यादा ध्यानात ठेवा. पुढची सारी कथा तिच्यातून निघते.

४/
कोणती रेघ कोणत्या स्वराची हे ठरवते ती खूण म्हणजे क्लेफ. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ किल्ली. ११ व्या शतकात इटलीतील अरेझ्झोच्या ग्विदो या भिक्षूने रेघांच्या प्रारंभी अक्षरे लिहिण्याची पद्धत रूढ केली. एफ स्वराची रेघ तांबडी आणि सी स्वराची पिवळी रंगवावी, असेही त्याने सुचविले. पुढे सी, एफ आणि जी या तीन अक्षरांची वळणे शतकानुशतके बदलत गेली आणि आजच्या नक्षीदार क्लेफ तयार झाल्या. परिचित ट्रेबल क्लेफ ही मुळात जी या अक्षराचीच आकृती होय.

५/
मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन गायकांपुढे एकच क्लेफ नव्हती. सी क्लेफ पहिल्या रेघेवर ठेवली की सोप्रानोसाठी, तिसऱ्या रेघेवर आल्टोसाठी, चौथ्या रेघेवर टेनरसाठी. बास आवाजाला एफ क्लेफ. किल्ली सरकवायची आणि त्या आवाजाचे सर्व स्वर पाच रेघांत बसवायचे, अशी ही युक्ती. १५०१ मध्ये व्हेनिसच्या पेत्रुच्ची याने खिळ्यांच्या साहाय्याने बहुस्वरी संगीत छापले, तेव्हा ही युक्ती आणखीच उपयोगी ठरली. छपाईत जादा रेघा जितक्या कमी तितके काम सुकर.

६/
पण या पद्धतीची एक किंमत होती. चार आवाजांना चार क्लेफ, म्हणजे एकाच जागी दिसणारा ठिपका चार ठिकाणी चार वेगळे स्वर दाखवणार. चर्चच्या शाळेत लहानपणापासून तालीम घेतलेल्या गायकाला त्याचे काही वाटत नसे. त्याचा तो रोजचा व्यवसायच होता. दिवसभर दुकानात किंवा गिरणीत राबून संध्याकाळी गाऊ पाहणाऱ्या माणसाला मात्र ही भिंतच होती. ही भिंत केव्हा आणि कशी पडली ते पुढे येईलच.

७/
येथे एक सावधगिरी. ‘खरे सप्तक’ या कल्पनेलाही इतिहास आहे. ए या स्वराची कंपनसंख्या गावोगावी निराळी असे. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ती ४३५ हर्ट्झ ठरवली. आजची ४४० ही संख्या १९३९ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाली. त्याआधीच्या संगीतकाराच्या दृष्टीने कागदावरचा स्वर म्हणजे मोजून दिलेली कंपनसंख्या नव्हती. तो स्वरांचा परस्परसंबंध होता आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला दिलेली सूचना होती.

८/
शिवाय लिहिलेले एक आणि वाजणारे दुसरे, हा अनुभव युरोपला नवा नव्हता. चर्चच्या ऑर्गनमध्ये ८ फुटी नळ्यांची रांग लावली की पट्टी आपल्या स्वरात बोलते, १६ फुटी लावली की तीच पट्टी एक सप्तक खाली आणि ४ फुटी लावली की एक सप्तक वर. वाद्यवृंदात चेलो आणि डबल बास दीर्घकाळ एकाच लिहिलेल्या ओळीवरून वाजत. चेलो लिहिल्याप्रमाणे, डबल बास एक सप्तक खाली. दोघांना वेगळे कागद देण्याची गरज कोणालाही वाटली नाही.

९/
ती का वाटली नाही, हे आपल्या घरच्या आरतीवरून कळते. स्त्रिया, पुरुष, मुले एकच चाल म्हणतात. पुरुषांचा आवाज साधारणपणे एक सप्तक खाली असतो, तरी दोन चाली चालू आहेत असे कोणाला वाटत नाही. कंपनसंख्या दुप्पट झाली की कान त्याला ‘तोच स्वर, पण उंच’ असे ओळखतो. पंडित भातखंडे यांच्या स्वरलिपीत मंद्र सप्तकाला स्वराखाली आणि तार सप्तकाला वर बिंदू येतो. मध्य सप्तक मोकळे. गायक असो की गायिका, कागद एकच. षड्ज ज्याने त्याने आपल्या पट्टीत लावायचा.

१०/
आता गिटारकडे वळू. जन्मतः गिटारला स्टाफ नोटेशनची गरज नव्हती. १५४६ मध्ये सेव्हिल येथे आलोन्सो मुदारा याने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गिटारसाठी रचना आढळतात आणि त्या टॅब्लेचरमध्ये आहेत. आजच्या गिटारवादकाच्या भाषेत ‘टॅब’. रेघा म्हणजे तारा आणि आकडा म्हणजे बोट कोणत्या फ्रेटवर ठेवायचे ते. टॅब स्वराचे नाव सांगत नाही, सप्तकही सांगत नाही. ती फक्त हाताशी बोलते.

११/
सप्तक मग कोण ठरवीत असे? तारा! १७ व्या शतकातील गिटारला तारांच्या पाच जोड्या असत. गास्पार सान्स याने १६७४ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की रोममधील वादक चौथ्या आणि पाचव्या जोडीलाही बारीक तारा लावतात, जाड खर्जाच्या तारा लावतच नाहीत. स्पेनमध्ये मात्र खर्जाच्या तारा लावण्याची रीत आहे. नाजूक, एकेका स्वराच्या वादनाला पहिली पद्धत चांगली आणि झणत्कारी साथीला दुसरी, असा त्याचा अभिप्राय. म्हणजे टॅबचा एकच कागद दोन गिटारींवर दोन वेगळ्या सप्तकांत वाजू शके.

१२/
यातली एक गंमत पाहा. पाचही जोड्यांना बारीक तारा लावल्या, तर आजच्या हिशेबाने त्या गिटारचा सर्वांत खालचा मोकळा स्वर होतो तिसऱ्या जोडीचा जी, सुमारे १९६ हर्ट्झ. व्हायोलिनची सर्वांत खालची तारही हीच. आणि ट्रेबल क्लेफ तर व्हायोलिनची हक्काची क्लेफ! अशा गिटारला ती फारशी परकी नव्हती. आजची सहा तारांची गिटार मात्र खाली ८२ हर्ट्झच्या ई पर्यंत उतरते. वाद्य खर्जात उतरले, तेव्हा अडचण उभी राहिली.

१३/
१८ व्या शतकात टॅब मागे पडू लागली. पॅरिस, माद्रिद, व्हिएन्ना येथे हौशी मध्यमवर्ग वाढत होता, छापील संगीताची बाजारपेठ वाढत होती. गाणाऱ्याची ओळ आणि साथीची ओळ एकाच भाषेत असावी, व्हायोलिन वा पियानो वाजवणाऱ्यालाही ती वाचता यावी, अशी गरज निर्माण झाली. १७९९ मध्ये माद्रिदला फेरांदिएरे याचा ग्रंथ निघाला. त्याच्या शीर्षकातच स्पॅनिश गिटार ‘संगीतावरून’ वाजवण्याची कला असे शब्द आहेत. संगीतावरून म्हणजे आकड्यांवरून नव्हे, स्टाफ नोटेशनवरून. त्याच वर्षी माद्रिदलाच फेदेरिको मोरेत्ती याचा सहा तारजोड्यांच्या गिटारवरील ग्रंथही आला.

१४/
आता कागद-पेन्सिल घेऊन स्वतः हिशेब करा. ट्रेबल क्लेफमध्ये सर्वांत खालची रेघ ई ची. आजच्या गिटारची पहिली, सर्वांत बारीक तार मोकळी वाजवली की नेमका तोच ई मिळतो. म्हणजे खऱ्या सप्तकात लिहायचे ठरवले तर उरलेल्या पाचही मोकळ्या तारा पाच रेघांच्या खाली जातात. सहाव्या तारेचा ई लिहिण्यासाठी खाली सात जादा रेघा माराव्या लागतील. असे पान छापणाऱ्यालाही शिक्षा आणि वाचणाऱ्यालाही.

१५/
मग बेस क्लेफ का नको? तिच्यात खालचा ई एका जादा रेघेवर छान बसतो. पण पहिल्या तारेच्या बाराव्या फ्रेटवरचा ई पाच जादा रेघांच्याही वर जातो, आणि गिटारची चाल बहुधा वरच्या तारांवरच चालते. पियानोसारखे दोन स्टाफ घ्यावेत तर एकाच डाव्या हाताने धरलेली सहा स्वरांची कॉर्ड दोन मजल्यांवर विभागली जाते. जागाही दुप्पट लागते. जागा म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे पैसा.

१६/
आता एक सप्तक वर लिहून पाहा. सहाव्या तारेचा ई खालच्या तिसऱ्या जादा रेघेला लगटून खाली बसतो. पहिल्या तारेच्या बाराव्या फ्रेटचा ई वरच्या तिसऱ्या जादा रेघेवर बसतो. मधली तीन सप्तके पाच रेघांच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी विभागली जातात. वाचायला एकच क्लेफ, तीही व्हायोलिनवादक, बासरीवादक, गायिका अशा सर्वांच्या ओळखीची. खर्च एवढाच की सप्तक खरे राहत नाही. कानाला ‘तोच स्वर’ वाटणारा हा फरक तेव्हाच्या लोकांना परवडला.

१७/
प्रारंभीचे गिटार-लेखन व्हायोलिनच्या ओळीसारखेच होते. खर्ज आणि चाल एकाच सरळ ओळीत कोंबलेली. मोरेत्तीसारख्यांनी ती वेगळी दाखवली. खर्जाच्या दांड्या खाली, चालीच्या वर. फेर्नांदो सोर याने १८३० च्या पॅरिसमधील आपल्या ग्रंथात मोरेत्तीचा प्रभाव मान्य केला आहे. १८४४ च्या सुमारास, स्वतः गिटार वाजवणारा बर्लिओझ वाद्यवृंदावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात गिटार जी क्लेफमध्ये खऱ्या स्वराहून एक सप्तक वर लिहितात, असे नोंदवतो. तोवर ही प्रथा संगीतकारांना शिकवण्याची बाब झाली होती.

१८/
टेनरची कथा वेगळ्या वाटेने येते, पण पोहोचते तेथेच. चौथ्या रेघेवरच्या सी क्लेफमध्ये टेनरचा आवाज चपखल बसे. ट्रेबल क्लेफमध्ये खऱ्या सप्तकात लिहिला तर खाली चार जादा रेघा, बेस क्लेफमध्ये वर तीन. पण ट्रेबल क्लेफमध्ये एक सप्तक वर लिहा: खालचा सी एका जादा रेघेवर, वरचा ए एका जादा रेघेवर, बाकी सारे पाच रेघांत. म्हणजे जुन्या क्लेफची सोय राहिली आणि नवी क्लेफ शिकण्याचा त्रास वाचला.

१९/
त्रास कोणाचा वाचला? १८४१ मध्ये लंडनच्या एक्झेटर हॉलमध्ये जॉन हल्ला याने शाळामास्तरांसाठी गायनाचे वर्ग सुरू केले. त्याच वर्षी योजेफ माइन्त्सर याचे ‘सिंगिंग फॉर द मिलियन’ निघाले. १८४६ मध्ये नोव्हेलो या प्रकाशनाने हँडेलचे ‘मसाया’ स्वस्त मासिक हप्त्यांत काढायला घेतले. कारकून, कारागीर, शिक्षिका यांचे मोठमोठे गायनवृंद उभे राहत होते. यांच्यापैकी कितींना चार क्लेफ शिकण्याची सवड होती? या शतकात हौशी गायकांच्या छापील प्रतींतून सी क्लेफ हळूहळू नाहीशी होत गेली, ती या नव्या वाचकांमुळे.

२०/
याच काळात जॉन कर्वेन याने प्रसार केलेली टॉनिक सोल-फा पद्धती आणखी पुढे गेली. तिने रेघाच काढून टाकल्या आणि आपल्या सरगमप्रमाणे अक्षरांत संगीत लिहिले. तिच्यातही टेनर आणि बास यांच्या ओळी खऱ्याहून एक सप्तक वर लिहीत. कारण साधे होते: सप्तकाच्या खुणांची गर्दी टाळावी. येथे पाच रेघांचा प्रश्नच नव्हता, तरी तोच मार्ग निवडला गेला. यावरून दिसते की प्रश्न केवळ रेघांचा नव्हता. नवख्या वाचकाचे ओझे कमी करण्याचा होता.

२१/
घरगुती मैफलींतही हेच घडले. शुबर्टचे ‘विंटरराइझे’ हे गीतचक्र १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते टेनरच्या पट्टीतले, पण गाण्याची ओळ ट्रेबल क्लेफमध्ये. पुरुष गायला की आपोआप एक सप्तक खाली. स्त्री गायली तर लिहिल्याप्रमाणे. एकच छापील प्रत घरातील कोणालाही चाले.

२२/
पण या सोयीत काही गमावलेही. बाखच्या समग्र रचनांची पहिली मोठी आवृत्ती १८५१ पासून निघाली. तिच्यात आवाजांच्या जुन्या सी क्लेफ जपल्या होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या नव्या आवृत्तीत मात्र सोप्रानो व आल्टोला ट्रेबल क्लेफ आहे आणि टेनरला एक सप्तक खाली वाजणारी ट्रेबल क्लेफ. आज समूहात गाणाऱ्या बहुतेक हौशी गायकांना बाखच्या हस्तलिखितातील आपलीच ओळ वाचता येणार नाही. दार रुंद झाले, पण जुन्या दाराची किल्ली अनेकांच्या हातून गेली.

२३/
दुसरा धोका आजही आहे. सप्तकबदल दाखवण्यासाठी क्लेफखाली लहानसा आठचा आकडा लिहितात. गिटारच्या पुस्तकांत तो पुष्कळदा गाळलेला असतो. बासरी आणि गिटार यांचे युगुल वाचताना कागदावर गिटारचा स्वर वर दिसतो, कानाला तो खाली असतो. पियानोवर बसून गिटारसाठी लिहिणारा नवखा रचनाकार चाल वर ठेवतो आणि वादनात ती पियानोच्या स्वरांखाली बुडते. सर्वांत खालचा स्वर कोणता हे बदलले की सुसंवादाचा अर्थही बदलतो.

२४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. मोडी कागदांत शुहूर सनाचा आकडा येतो. इसवी सन हवा असेल तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. कागद तसे कोठेही सांगत नाही, कारण तो ज्या कारकुनासाठी लिहिला त्याला ते ठाऊकच होते. गिटारच्या कागदाचेही तसेच. त्यातून एक सप्तक वजा करायचे असते आणि ज्याच्यासाठी तो लिहिला त्याला हे सांगावे लागत नाही. दोन्ही कागद खोटे नाहीत. ते आपल्याला उद्देशून लिहिलेले नाहीत, इतकेच.

२५/
म्हणून कोणतेही जुने साधन हाती आले की ‘यात काय लिहिले आहे’ याच्या जोडीने ‘हे कोणी वाचावे म्हणून लिहिले’ हेही विचारावे. गिटारच्या त्या एका सप्तकामागे फेरांदिएरेचे वाचक, छापखान्यांचा हिशेब आणि संध्याकाळच्या वर्गात बसलेले शाळामास्तर उभे आहेत. मित्राला हे सर्व सांगितले तेव्हा त्याने पुस्तकाच्या पहिल्या पानावर, क्लेफखाली, पेन्सिलीने आठचा आकडा काढून ठेवला.

धागा येथे समाप्त. काही चूक आढळल्यास अवश्य दाखवावी, आणि गिटार शिकणारा एखादा मित्र असेल तर त्याच्यापर्यंत हा धागा पोहोचवावा.